आरशापुढचे वाक्य आणि विहारातले वाक्य

आपल्या वस्त्यांमधून अलीकडे एक वही दिसू लागली आहे. सकाळी आरशापुढे उभे राहून 'मी यशस्वी आहे', 'मी श्रीमंत आहे' असे म्हणायचे आणि रात्री तेच वाक्य वहीत एकवीस वेळा लिहायचे. मोबाईलवर त्याचे धडे येतात, कुठे फी घेऊन शिबिरेही भरतात. मुलांना हे करू द्यावे काय, असे काही भगिनींनी आम्हाला विचारले आहे.

प्रकार तसा जुनाच. एमिल कुए नावाचा फ्रेंच औषधविक्रेता शंभर वर्षांपूर्वी लोकांना, आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत असे रोज वीस वेळा स्वतःशी म्हणायला लावीत असे. त्याला स्वयंसूचना म्हणतात. शब्दाचा मनावर परिणाम होतो हे आम्हालाही मान्य आहे. तो आमच्याइतका कोणी भोगला? 'तुम्ही हीन आहात' हे दुसऱ्यांनी रचलेले वाक्य आपल्या आज्या-पणज्यांच्या कानी पिढ्यान्‌पिढ्या घातले गेले आणि कित्येकांना ते खरे वाटू लागले. तेव्हा चांगले वाक्य जरूर बोलावे. पण कोणते?

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचे वाक्य त्यांनी काहींना मनात घोळवायला सांगितले. ज्यांचा आत्मविश्वास आधीच चांगला होता, त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांच्या मनात न्यूनगंड होता, त्यांना मात्र उलट अधिक वाईट वाटले. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच औषध बाधले! मन काही खुळे नसते. गणितात नापास झालेली मुलगी 'मी पहिली आले आहे' असे लिहू लागली, की आतून कोणीतरी म्हणतेच, 'खोटे बोलतेस.' मग वही भरते आणि गणित तिथेच राहते. आम्हाला तर ही नामजपाचीच नवी आवृत्ती वाटते, फक्त देवाच्या जागी 'मी' बसवला आहे.

याहून मोठा धोका निराळा आहे. भाड्याची खोली पाहायला गेलेल्या जोडप्याचे आडनाव ऐकताच घरमालक 'खोली कालच दिली' म्हणतो. शिबिरवाल्यांच्या हिशेबी तिथेही या जोडप्याचे विचारच कमी पडले. अन्याय दुसऱ्याने करायचा आणि दोष आपल्या मनाला लावायचा, ही शिकवण आमच्या मुलांना नको.

आता विहारातले वाक्य पाहा. पंचशील घेताना आपण 'मी शीलवान आहे' असे म्हणत नाही. 'सिक्खापदं समादियामि' म्हणतो, म्हणजे हा शिकण्याचा नियम मी स्वीकारतो. आज चुकलो तर उद्या पुन्हा घेता येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही 'मानणार नाही', 'करणार नाही', 'पाळीन' अशीच क्रियापदे जागोजागी आहेत. आपला नवा जन्म होत आहे असे सांगणारी प्रतिज्ञा जवळजवळ शेवटी येते. आधी काय सोडायचे आणि काय धरायचे ते सांगून झालेले असते. मी दारू पिणार नाही, या प्रतिज्ञेचा खरेखोटेपणा त्याच संध्याकाळी घरच्या बाईला कळतो. श्रीमंतीच्या वाक्याला अशी परीक्षाच नाही.

अमेरिकेतील आणखी एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. शाळेतल्या मुलांना, आपल्याला आयुष्यात कशाचे मोल वाटते आणि का, एवढेच थोडा वेळ लिहायला दिले. कृष्णवर्णीय मुलांचे गुण त्यानंतर सुधारले. पुढे सगळ्याच शाळांत तितका फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण यात खोटे काही बोलावे लागत नाही आणि खर्च एका कागदाचा. परीक्षेच्या दिवसांत मुलांना जरूर लिहू द्या.

एरवी घरात एवढेच करा. 'मी हुशार आहे' याऐवजी मुलीला सकाळी म्हणू द्या, 'आज मी अपूर्णांकांची पाच गणिते सोडवीन.' रात्री जेवणे आटोपली की वही मागा. आईला अक्षरओळख नसली तरी पाच गणिते मोजता येतात.