प्रिलिमच्या आधी एक तासिका याला द्या

अकरावी-बारावीच्या पालकांनो, शिक्षकांनो, मुख्याध्यापकांनो,

दिवाळीची सुट्टी संपली की प्रिलिम, मग प्रात्यक्षिकं आणि फेब्रुवारीत बोर्ड. नीटची मुलं तर रविवारीही ओएमआर शीटचे गोल काळे करत बसतात. संध्याकाळी रँक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. फिजिक्सचे चार मार्क कुठे गेले हे आपल्याला तोंडपाठ असतं. पोरगी तासभर एकच पान उघडं ठेवून बसलेली असते, त्याची नोंद मात्र कुठेच होत नाही.

ती करता येते. फिनलंडमधल्या कातारीना साल्मेला-आरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अवघ्या ९ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडतं, हे मुलानं १ ते ६ या आकड्यांत सांगायचं. त्यातून तीन गोष्टी कळतात: अभ्यासाच्या ओझ्यानं आलेला थकवा, शाळेवरून उडालेलं मन आणि आपण कमी पडतोय ही भावना. तिन्ही वेगवेगळ्या पाहायच्या, कारण अभ्यासात मन लावणारी, तरीही पार दमलेली मुलं तिथल्या संशोधनात आढळली आहेत. ‘मार्क तर छान पडतायत’ यावर विसंबू नका.

ही प्रश्नावली एका तासिकेत वर्गाकडून भरून घ्या, पण कागदावर नाव अजिबात नको. नाव लिहायला लावलंत, तर मुलं तुम्हाला हवं तेच लिहून देतील. आपणच त्यांना त्यात तरबेज केलंय. ही मोजणी म्हणजे आजाराचं निदान नव्हे. तिच्यातून ‘थकलेल्यांची यादी’ निघणार असेल, तर न मोजलेलं बरं. वर्गाचं चित्र आत्ता पाहा, जानेवारीत पुन्हा पाहा. थकवा वाढला असेल तर रविवारची टेस्ट रद्द करा, ग्रुपवर रँक टाकणं थांबवा.

विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनाही विनंती: या प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर देऊ नका. पुण्यातल्या मुलाला कळलेलं वाक्य लातूरच्या वसतिगृहातल्या मुलालाही तसंच कळतं का, हे तपासून द्या.

एखादं मूल आत्ताच खचलेलं दिसत असेल, तर मोजणीची वाट पाहू नका. त्याच्याशी बोला, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांनी पुढच्या पालक सभेत ‘पोर्शन किती झाला?’ विचारताना ही मोजणी कधी घेणार तेही विचारा, आणि तारीख मिळाल्याशिवाय जागचे हलू नका.