घरचं आहे, पण फुकटचं नाही!

‘घरीच तर केलंय, त्याचे कसले एवढे पैसे?’ घरगुती ऑर्डर घेणाऱ्या प्रत्येकीने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. पण बचत गटांचं काम करताना मला वाटतं, गिऱ्हाइकाच्या आधी आपणच आपले कष्ट फुकटात काढतो.

मुलांच्या डब्यासाठी करतात ते ओट्स आणि फळांचे बार घ्या. दीड कप ओट्स, एक कप कणीक, अर्धा कप गुळाची पावडर आणि सव्वाशे ग्रॅम लोणी हाताने चोळून चुरा करायचा. दोन सफरचंदं, दहा-बारा खजूर बारीक चिरून दालचिनी, लवंग, सुंठ घालून पाणी आटेपर्यंत शिजवायचे. 8 इंची चौकोनी ट्रेमध्ये निम्म्याहून जास्त चुरा दाबून बसवायचा, त्यावर गार झालेलं सारण, वरून उरलेला चुरा. 180 अंशांवर 35-40 मिनिटं बेक करायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, नाहीतर सगळा भुगा! 16 वड्या होतात.

आता हिशेब. ओट्स, लोणी, खजूर आपण वहीत लिहितो. 1500 वॅटचा ओव्हन तासभर सलग चालला तर दीड युनिट वीज जाते, ती लिहीत नाही. बटर पेपर, डबा राहूनच जातो. आणि चिरणं, शिजवणं, थापणं, कापणं, भांडी घासणं? ते तर ‘आपलंच काम’!

समजा, या दोन तासांचे तासाला 80 रुपये धरले. 160 रुपये झाले, म्हणजे प्रत्येक वडीमागे 10 रुपये नुसती मेहनत. ते सोडून दिले तर धंदा वाढतो, पण हातात काहीच उरत नाही. मग घरचेही म्हणतात, ‘कशाला हा उपद्व्याप?’ आणि एक चांगला उद्योग बंद पडतो.

‘भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल,’ ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे एका वेळी दोन ट्रेचं काम काढा. सारण एकाच पातेल्यात शिजतं, भांडी एकदाच घासावी लागतात. हंगामात स्वस्त असेल ते फळ वापरा, अननसही छान लागतो. मेहनताना मात्र कापू नका.

भाव पुरेपूर घ्यायचा तर मालही चोख हवा. अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. डब्यावर काय-काय घातलंय ते लिहा. ओट्स घातले म्हणून गूळ-लोण्याचा पदार्थ पथ्याचा होत नाही, तेव्हा मधुमेहाच्या पेशंटला ‘बिनधास्त खा’ म्हणू नका.

मैत्रिणींनो, पुढच्या ऑर्डरला वहीत सामानाच्या खाली एक ओळ वाढवा : ‘माझी मेहनत’. पुढे आकडा लिहा, आणि भाव सांगताना मान खाली घालू नका.