खायचा नाही, तर धरायचा कशाला?

आमच्या सौ.नं हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही टेक्सासमधल्या लेक फोर्क नावाच्या जलाशयावर एका लांबट, बुटक्या बोटीत बसलो होतो. डॅलसहून दीड तासाचं अंतर. पाण्यात जागोजागी वाळलेल्या झाडांचे बुंधे उभे. १९८० साली धरण पूर्ण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेलं ते रान. आपल्याकडच्या कुठल्याही धरणाच्या फुगवट्याची आठवण व्हावी असं ते दृश्य होतं. फक्त कडेला धुणं धुणाऱ्या बायका नव्हत्या.

बोट लेकीच्या शेजाऱ्याची. गृहस्थ सत्तरीचे, शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या नातवाला गळाचा नाद लावला आणि तेव्हापासून त्या दोघांची शनिवारची सकाळ ठरलेली. त्या दिवशी पाहुणे म्हणून आम्ही दोघंही होतो. मला एका दिवसाचा परवाना काढावा लागला. नातवाला लागला नाही. सतरा वर्षांखालच्या मुलांना तिथं परवान्याची गरज नसते.

नातवाच्या गळाला मासा लागला. रबरी गांडुळाला फसलेला बास. रुंद तोंडाचा, हिरवट, अंगावर काळपट पट्टा. काठी वाकली, मासा पाण्याबाहेर उडाला, डोकं झिंजाडून पुन्हा आत गेला. पाच मिनिटांनी तो बोटीत आला. म्हाताऱ्यानं हात ओले केले, मासा फळीवर मोजला. अठरा इंच. लगेच गळ काढला आणि दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरून सोडून दिला. या तळ्यात १६ ते २४ इंचांमधला बास ठेवायचा नाही, असा नियम आहे. पण नियम नसता तरी त्यानं सोडलाच असता. गेल्या वीस वर्षांत त्यानं बास खाल्लेला नाही.

आमची ही माळकऱ्यांच्या घरातली. मासे तिनं आमच्या घरात आल्यावर पाहिले आणि ते शिजतात त्या चुलीशी आजवर उभी राहिलेली नाही. तिनं मला विचारलं, ‘‘खायचा नाही, तर धरायचा कशाला? बिचाऱ्याच्या तोंडाला भोक पाडून वर उपकार केल्यासारखं सोडायचं?’’ मी जमेल तसा अनुवाद केला. म्हातारा जरा वेळ दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, ‘‘बाई बरोबर बोलतात. खेळ माझा आहे, माशाचा नाही.’’ आणि त्यानं पुन्हा गळ टाकला.

मला त्याचं उत्तर आवडलं, पण प्रश्न सुटला नाही. परत येऊन चार महिने झाले, तरी तो माझ्यामागे आहे.

माझं बालपण नदीकाठचं. बांबूची काठी, साधी दोरी, चिखलातलं गांडूळ आणि तरंगा म्हणून बोरूचा तुकडा. जे लागेल ते घरी जायचं आणि रात्री कालवणात पडायचं. आई मोठ्या माशाला शाबासकी द्यायची आणि लहानाला हसायची. धरायचा कशाला, असा प्रश्न त्या घरात निघालाच नाही. उत्तर ताटात असायचं. पुढं मी बँकेत लागलो, चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, रात्री कादंबऱ्या लिहिल्या. नदी सुटली.

मासा धरून सोडण्याचा हा रिवाज अमेरिकेत सर्वमान्य करण्यात मोठा वाटा आहे तो रे स्कॉट या माणसाचा. हा अलाबामातला विमा विकणारा माणूस. १९६७ साली त्यानं आर्कान्सासमधल्या बीव्हर लेकवर बासची स्पर्धा भरवली, त्यातून गळवाल्यांची संघटना काढली. पहिल्या काही वर्षांत वजन करून झालं की मासे मेलेलेच असत. १९७२ पासून त्यानं मोहीम उघडली : मारू नका, सोडून द्या. बोटीत खेळत्या पाण्याची टाकी आली, मासे जिवंत आणायचे, वजन करायचं, पुन्हा तळ्यात. मेलेला मासा आणला तर गुण कापायचे. विमा विकणाऱ्याला उद्याची भाषा कळते, म्हणून त्याला हे सुचलं असावं. आज तळं रिकामं केलं तर पुढच्या वर्षी स्पर्धा कशाची भरवणार?

त्या दिवशी दुपारी धक्क्यावर म्हाताऱ्याची मंडळी भेटली. एक दातांचा डॉक्टर, एक गाड्यांचा मेकॅनिक, एक नुकतीच विधवा झालेली बाई. नवऱ्याची बोट आता ती चालवते. कुणी कुणाला हुद्दा विचारला नाही. कुणाची मोटर बंद पडली तर दुसरा ओढत आणतो. मासा कुठं लागला, हे मात्र कुणी खरं सांगत नाही. ‘‘पाण्यात लागला,’’ एवढंच. जागा लपवायची, वजन लपवायचं नाही, हा तिथला धर्म. म्हणूनच २०२२ मध्ये ईरी सरोवरावरच्या वॉलाय माशांच्या एका स्पर्धेत दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरल्याचं उघड झालं, तेव्हा जमाव त्यांच्या अंगावर धावून गेला. पुढं खटला होऊन दोघांना शिक्षा झाली, बोट जप्त झाली. एकट्यानं, कुणी बघत नसताना खेळायचा खेळ आहे हा. मोजमाप खोटं झालं, की त्यात काही उरत नाही.

बँकेतल्या माणसाला आणखी एका गोष्टीचं कौतुक वाटलं. हा छंद आपलं बिल आपण भरतो. १९५० सालच्या कायद्यानं अमेरिकेत काठ्या, रिळं यांच्यावरच्या कराचा पैसा राज्यांना मासे आणि पाणी सांभाळण्यासाठीच द्यायचा, असं ठरवलं. परवान्याचं शुल्क वेगळं. टेक्सासमध्ये तर १९८६ पासून एक गमतीची योजना आहे. तेरा पौंडांचा, म्हणजे सहा किलोंच्या जरा आतला बास लागला, तर तो गळवाला सरकारला वीण घेण्यासाठी उसना देऊ शकतो. पिल्लं तळ्यांत जातात. मी म्हाताऱ्याला म्हटलं, ‘‘मीही जन्मभर कर्जच देत आलो, पण व्याज म्हणून पिल्लं कधी पाहिली नाहीत.’’

पण म्हणून आमच्या सौ.चा प्रश्न मिटतो का? मिटत नाही. माशाला वेदना कळत नाहीत, हे गळवाल्यांचं जुनं समाधान. २००३ साली ब्रिटनमध्ये ट्राउट माशावर झालेल्या संशोधनात त्याच्या तोंडाशी इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दिसलं. त्यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण संशयाचा फायदा द्यायचाच, तर तो माशाला द्यावा, गळवाल्याला नव्हे. सोडलेल्या माशांपैकी काही मरतातही. तेव्हा सोडून देणं म्हणजे पुण्य, असं कुणी समजू नये.

आणि सोडून देणं प्रत्येक पाण्यात चांगलं असतं, असंही नाही. हाच बास १९२५ मध्ये जपानच्या आशी तलावात नेऊन सोडला गेला. तिथून पसरत तो बिवा सरोवरात पोचला आणि तिथले मूळचे मासे खाऊ लागला. आता त्या प्रांतात धरलेला बास परत सोडायलाच बंदी आहे. १९३२ साली जॉर्जिया राज्यात लागलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बासच्या विक्रमाशी बरोबरी झाली, तीही २००९ मध्ये याच बिवा सरोवरात. टेक्सासमध्ये जे सौजन्य, ते बिवाच्या काठी गुन्हा.

बासचाच एक लहान भाऊबंद आहे, ब्लूगिल. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना तो भेट दिला. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक. त्यांनी तो सरकारी संस्थेला दिला, आणि पुढं तो देशभर पसरला. २००७ मध्ये, सम्राट असताना, बिवाच्या परिसरातल्या एका समारंभात त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका सदिच्छेबद्दल. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझीही एक सदिच्छा कागदावर आहे. तिच्याकडे येतोच.

आधी आपल्या घरची गोष्ट. आपल्या नद्यांतला मानाचा मासा म्हणजे महसीर, आपला खडस. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्याकडे पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही. हा मासा संपू नये म्हणून लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. काम मोलाचं होतं. तिथली पिल्लं दूर दूर गेली, कावेरीतही सोडली गेली. पण कावेरीचा स्वतःचा वेगळा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, आकारानं प्रचंड. आपल्याकडचा पाहुणा तिथं वाढत गेला आणि यजमान घटत गेला. वाळू उपसा, सुरुंग, धरणं ही कारणं होतीच. पण पाहुण्याचा वाटाही अभ्यासकांनी नोंदवला. २०१८ मध्ये त्या महसिराची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

आणि हे कळलं कसं? गळवाल्यांच्या वह्यांवरून. कावेरीकाठच्या गलिबोरे इथल्या छावणीत धरून सोडण्याची पद्धत होती, आणि १९९८ ते २०१२ पर्यंत कोणता मासा लागला, किती वजनाचा, याच्या नोंदी ठेवल्या होत्या. नंतर तिथली गळाची मासेमारी बंद झाली. अभ्यासकांनी त्या वह्या उघडल्या तेव्हा एका जातीचा आकडा चढत आणि दुसरीचा उतरत गेलेला दिसला. पोटासाठी जाळं टाकणाऱ्या कोळ्या-भोयांना नदीतलं कमी-जास्त आधीच कळत असतं. पण त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांचं म्हणणं कुणी लिहून ठेवत नाही. छांदिष्टांनी निदान लिहून ठेवलं.

आता माझी सही. १९९६ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक होतकरू तरुण शेततळ्यात मासे पाळायला कर्ज मागायला आला. मासा होता आफ्रिकन मांगूर. झपाट्यानं वाढणारा, काहीही खाणारा, घाण पाण्यातही तगणारा. प्रकल्प अहवालात हे तिन्ही गुण म्हणून लिहिले होते आणि मीही ते गुण म्हणूनच वाचले. सही केली. दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात ओढा फुगला, तळं फुटलं, मासे नदीत गेले. तरुण बिचारा रडकुंडीला आला होता. मी हप्ते लांबवून दिले आणि त्यानं पै न् पै फेडली. खातं बंद झालं, शेरा मारला : ‘व्यवहार समाधानकारक.’

२००० साली केंद्र सरकारनं त्या माशाच्या पैदाशीवर बंदी घातली. २०१९ मध्ये हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात तळी रिकामी करून तो नष्ट करण्यात आला. पण नदीत गेलेला कोण काढणार? गेल्या वर्षी त्या गावी गेलो होतो. ओळखीचे एक वृद्ध भोई भेटले. म्हणाले, ‘‘साहेब, आता जाळ्यात येतो तो मांगूर, नाहीतर चिलापी. आपलं जुनं काही येत नाही.’’ माझ्या सहीबद्दल त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. ते आज इथं सांगतो आहे.

म्हणून माझं मत विचाराल तर असं आहे. गळ टाकणाऱ्याला क्रूर म्हणून झटकून टाकू नये आणि सोडून देतो म्हणून त्याला संतही करू नये. काठाशी तासन् तास बसणारी माणसं नदीला हवी आहेत. आपल्याकडे काळ नदीवरच्या वाळणकोंडीसारखे, वैतरणेकाठच्या तिळशासारखे डोह आहेत, जिथं देवाच्या नावानं खडस राखला गेला. तिथं कुणी धरतही नाही आणि खातही नाही. सौ.च्या प्रश्नाला तेच सर्वांत स्वच्छ उत्तर आहे. पण प्रत्येक डोहाला देव मिळत नाही. बाकीच्या पाण्याला निदान पहारेकरी मिळावेत. आपल्या जलाशयांवर माफक शुल्काचा परवाना असावा, तो पैसा त्याच पाण्यावर खर्च व्हावा, आणि परवान्याबरोबर एक वही मिळावी. काय लागलं, किती लागलं, काय लागेनासं झालं. शेजारी भोयांना बसवावं आणि त्यांच्या तोंडून माशांची नावं लिहून घ्यावीत. आणि कुठलाही नवा मासा कुठल्याही पाण्यात सोडण्याआधी, मग तो कितीही चांगल्या हेतूनं असो, त्या वहीत डोकावावं. मला १९९६ साली अशी वही कुणी दाखवली असती, तर बरं झालं असतं.

नातू पुढच्या महिन्यात येतो आहे. परवा फोनवर विचारत होता, ‘‘आजोबा, काठी आणू?’’ म्हटलं, आण. आपण त्या भोईबाबांकडे जाऊ. फक्त एक ध्यानात ठेव, मांगूर लागला तर आपल्याकडे तो सोडायचा नाही.

तो जरा गप्प झाला. त्याच्या म्हाताऱ्या गुरूनं त्याला नेमकं उलटं शिकवलं आहे. मग म्हणाला, ‘‘मग त्याचं करायचं काय?’’

आतून सौ.चा आवाज आला, ‘‘काय करायचं ते करा. माझ्या ओट्यावर आणायचा नाही.’’