दात आमचा, कलम त्यांचं

मेडिक्लेमवाल्यांच्या लेखी दात हा अवयवच नाही. पोट दुखलं तर आजार, दात सडला तर तुमची हौस. बहुतेक पॉलिसींत दातांचा उपचार सरळ वगळलेला असतो. अपघात झाला आणि त्यापायी हॉस्पिटलात पडावं लागलं, तरच पैसे.

ठीक. मला अपघातही झाला आणि हॉस्पिटलातही पडलो. मी गोदीत ठेक्यावर. माल उतरवताना हूक जबड्यावर बसला. दोन रात्री दाखल होतो. पुढचे दोन दात तुटले, त्यांची मुळं काढून ब्रिज बसवला. विमा कंपनीने जबड्याचे पैसे दिले, दातांचे नाकारले. कारण : उपचार सौंदर्यासाठी! पोती, पेट्या वाहणाऱ्याचं सौंदर्य कोण बघायला बसलंय रे? भाकरी तोडायला दात लागतो, एवढं साधं आहे.

डेंटिस्टचं बिल एका ओळीचं. ‘दंतोपचार, २२,०००’. बस्स. तपशील मागितला तर काउंटरवरून उत्तर : तुला काय कळणार त्यातलं? लेखी मागितला तेव्हा झक मारत दिला. त्यात न काढलेला एक एक्स-रे निघाला.

दोस्तांनो, ही सगळी लबाडी एका भरवशावर चालते. हा वाचणार नाही, वाचलं तर विचारणार नाही, विचारलं तर एका नकाराने गप्प बसेल. आपल्या बापजाद्यांच्या अंगठ्यावर सावकाराने हेच केलं. आता अंगठ्याच्या जागी सही आली, एवढाच फरक.

म्हणून बिल बाबवार मागा. नकार लेखी घ्या, कुठल्या कलमाखाली ते लिहून घ्या. कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ग्रुप पॉलिसीची तक्रारही चालते. दवाखान्याने लुबाडलं तर ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय.

पण नुसत्या अर्जांनी भागणार नाही. ठेकेदार आपल्या गळ्यात खाजगी पॉलिसी का मारतो, ते बघा. १९४३ साली प्रा. अदारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं, १९४४ ला अहवाल आला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. पुढे १९४८ ला राज्य विम्याचा कायदा झाला. त्यात नाव असलं की दवाखान्यात जायचं, उपचार घ्यायचा. कलमांशी झोंबाझोंबी नाही. २०१९ साली त्याचे दर ठरले : पगारावर कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन. हे सव्वातीन वाचवायला आमची नावं यादीत चढत नाहीत आणि हातात येतो बारीक अक्षरांचा कागद.

माझा अर्ज लोकपालाकडे गेलाय. निकाल लागायचा तो लागेल. पण पाळीवरच्या प्रत्येकाने पगाराची पावती काढून बघावी : कापलेले पैसे कुठे जातात? आणि मग मुकादमाला एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून विचारावं : यादीत आमचं नाव का नाही?