दगडी : रोग एकट्याच्या गोठ्यात, उपाय सर्वांच्या हातात

दूध संस्थेत कॅन रिकामा करून शेतकरी चिठ्ठी हातात घेतो. गायीच्या दुधाचा दर ३.५ स्निग्धांश आणि ८.५ स्निग्धेतर घनपदार्थ या मापावर ठरतो. घनपदार्थ खाली उतरले की दर कापला जातो, आणि पाणी घातल्याचा संशयही त्याच्यावरच येतो. गायीच्या कासेत रोग शिरला असेल, ही शंका ना त्याला येते, ना चिठ्ठी देणाऱ्याला.

कासदाह, म्हणजेच आपल्या खेड्यापाड्यांतील दगडी, उघड झाली की सर्वांना कळते : कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गुठळ्या येतात. परंतु अधिक नुकसान तिचे सुप्त रूप करते. कास मऊ असते, दूध पांढरेच असते. तरी दूध घटते, त्याचा कस उतरतो आणि ती गाय शेजारच्या गायींना जंतू देत राहते. हे सांसर्गिक जंतू मुख्यतः धार काढणाऱ्याच्या हातांनी, एकाच ओल्या फडक्याने, यंत्राच्या कपांनी एका सडातून दुसऱ्या सडात जातात.

इंग्लंडमध्ये रेडिंगच्या दुग्धसंशोधन संस्थेने १९६० च्या दशकात यावर पाच कलमी योजना मांडली : धार काढल्यावर प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवणे, उघड रोगावर तत्काळ उपचार, गाय आटवताना सडात औषध, दूधयंत्राची नियमित दुरुस्ती, आणि रोग हटत नसलेली जनावरे कळपातून काढणे. सुप्त रोग ओळखण्याची चाचणीही साधी आहे. कपडे धुण्याच्या पावडरीचे ३ टक्के द्रावण आणि तेवढेच दूध ताटलीत फिरवावे. मिश्रण चिकट झाले तर सड रोगट समजावा. निरोगी गायींची धार आधी आणि रोगट गायीची शेवटी काढावी. धार काढताच गायीपुढे वैरण टाकावी, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत ती खाली बसत नाही.

हे सारे इतके सोपे असताना घडत का नाही? अज्ञानाकडे बोट दाखवणे सोयीचे आहे. खरे कारण व्यवहारात आहे. औषध टोचल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत दूध संस्थेत घालू नये, हा नियम रास्तच आहे. परंतु दोन गायींवर घर चालवणाऱ्याने ते दिवस कशावर काढावेत? तो मुकाट्याने दूध घालतो आणि औषधाचा अंश मुलांच्या पेल्यात उतरतो. पाचवे कलम तर त्याच्यासाठी अधिकच अवघड आहे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. जुनाट रोगाची गाय ना पोसवते, ना टाकवते. म्हणून ती आठवडी बाजारात जाते आणि कर्ज काढून गाय घेणाऱ्या एखाद्या भूमिहीनाच्या दारात रोगासकट बांधली जाते. असा तोटा नेहमी खालच्या पायरीवर उतरतो.

म्हणून या रोगाचा बंदोबस्त ही सहकारी दूध संस्थेची जबाबदारी मानली पाहिजे. दूध सर्वांचे एकत्र होते, नफाही एकत्र मोजला जातो. मग रोगच तेवढा ज्याचा त्याने का सोसावा? संस्थेने दरमहा प्रत्येक गोठ्यात चाचणी घ्यावी, सड बुडवण्याचे औषध मूळ किमतीत द्यावे, उपचाराच्या काळात अडवलेल्या दुधाची भरपाई सामाईक निधीतून करावी. धार काढण्याचे शिक्षण बहुधा पुरुषांच्या सभेत दिले जाते. ते धार काढणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोचले पाहिजे. अंगठा दुमडून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढली तर सडाला इजा होत नाही, हे त्यांना कुणी सांगायचे? जनावराच्या कानातील बिल्ल्याच्या क्रमांकावर रोगाची नोंद व्हावी आणि विक्रीच्या वेळी घेणाऱ्याला ती पाहता यावी, अशी मागणी शासनाकडेही लावून धरली पाहिजे.

दूधदरासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न संस्थेच्या वार्षिक सभेतही मांडावा. दर लढून वाढवता येईल. पण रोगट कासेतून झिरपून जाणारा पैसा कोणत्याही दरवाढीने परत येणार नाही.