शेडमधली थंडी आणि रॉडचा हीटर

निफाड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे ट्रॅक्टर उभा असे. आता यजमान तिथे जळालेल्या पंपाच्या मोटारी भरून देतात. काम पहाटे पाचला सुरू होते. पौषात त्या भागात पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि तांब्याची बारीक तार उघड्या बोटांनीच गुंडाळावी लागते. बोटे वळत नाहीत म्हणून यजमान घमेल्यात कोळसे पेटवतात आणि वारा शिरू नये म्हणून शटर खाली ओढून घेतात. "हल्ली उन्हे वर येईपर्यंत त्यांचे डोके ठणकत असते. इन्फ्रारेड हीटर घ्यावा म्हणतात. कोणता घ्यावा?" असे बाईंनी विचारले आहे.

बाई, हीटरचे मागाहून पाहू. ते घमेले आजच बाहेर काढा. ती डोकेदुखी थंडीची नाही, कोळशाची असावी. हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, मग झोप येते. आणि त्या झोपेतून माणूस उठेलच असे नाही. धूर संपून निखारे लाल झाले की आता धोका टळला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. धुराविना फुललेला निखाराही हा वायू सोडतो. असे कोणी गुंगलेले आढळले तर शटर उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. खालून शेकावे म्हणून बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवण्याची पद्धतही तितकीच वाईट.

आता हीटर. इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला आणि तोही चढला! हिवाळ्यात ओट्यावर उन्हाला बसलो की हवा गार असूनही पाठ शेकते, ती बरीचशी याच किरणांनी. ज्यांनी कोंबडीची पिल्ले वाढवली आहेत त्यांना तर हे सांगायलाच नको. २५० वॅटचा तांबडा दिवा टांगला की गारठलेली पिल्ले त्याच्याखाली गोळा होतात. दिवा सबंध शेड तापवत नाही, पिल्लांना तापवतो.

तुमच्या कामाचे नेमके हेच आहे. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून गरम केलेली हवा निघून जाणार. म्हणून पंख्याचा ब्लोअर घेऊ नका. तो धूळही उडवतो आणि ती ओल्या वार्निशवर बसते. तेलाचा रेडिएटर बंद खोलीत चांगला, शेडमध्ये पैसे वाया. हॅलोजनचा हीटर शेकतो बरा, पण त्याचा उजेड बारीक कामात डोळ्यांवर येतो. राहिला क्वार्ट्झ रॉडचा हीटर. ४०० वॅटचे दोन रॉड, पाठीमागे चकचकीत पत्रा, पुढे जाळी आणि कलंडल्यास आपोआप बंद होण्याची सोय, एवढे असलेला आयएसआय मार्काचा घ्यावा. एका माणसाच्या बैठकीला तो पुरतो. दोन्ही रॉड लावून रोज दोन तास चालवला तर महिन्याला सुमारे ४८ युनिटे पडतील. दुकानदार २००० वॅटचा गळ्यात मारू पाहील. तो नको, त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि जाड वायर लागते, आणि घरातून लांबवलेली बारीक वायर तापते.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. दाब कमी झाला की हीटरची ऊब दाबापेक्षा जास्त वेगाने घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर ८०० वॅटचा हीटर जेमतेम ४९० वॅटचे काम करतो. तेव्हा हीटर बिघडला म्हणून परत नेण्याआधी दाब मोजून घ्यावा. यजमानांकडे मीटर असणारच. शेतीपंपाच्या लाइनवर मात्र हीटर जोडू नये. ते कनेक्शन त्यासाठी नाही. आर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा, कारण शेडची जमीन ओलसर असते.

हीटर बसणाऱ्याच्या समोर थोडा बाजूला, तीन फुटांवर ठेवावा. किरण पडतील तेवढीच बाजू तापते, पाठ गारच राहते. तिला घोंगडी बरी. पायाखाली लाकडी फळी किंवा गोणपाटाची जाड घडी टाकली की निम्मी थंडी तिथेच जाते. तिला काही खर्च नाही, आणि खरे सांगायचे तर हीटर घेण्याआधी मी हे करून पाहीन.

मोटारीच्या धंद्यात खरी भीती वार्निश आणि थिनरची. त्यांची वाफ लाल रॉडपाशी पोचली तर पेटते. वार्निशचे काम काढले की हीटर बंद करावा, शटर उघडावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत तो पुन्हा लावू नये. वार्निश लावलेली मोटार वाळायला रॉडसमोर ठेवायची नाही. द्राक्षाच्या फवारणीची गंधकाची पोती, पेट्रोलचा डबा, कडबा, सगळे दुसरीकडे हलवावे.

सासूबाईही सकाळी शेंगा फोडायला तिथेच येऊन बसतात, असे बाईंनी शेवटी लिहिले आहे. बसू द्या, त्यांच्या गुडघ्यांना बरे वाटेल. फक्त पदर जाळीला लागणार नाही इतके अंतर राखा. आणि त्यांना मधुमेह असून पायांना बधिरता असेल तर अधूनमधून पाय तुम्ही स्वतः हात लावून पाहा. चटका बसलेला त्यांना कळणार नाही.