रोजा आणि ओरखडा

रोजा हे साक्षीदार नसलेले व्रत आहे. नमाज चारचौघांत होते, जकात घेणाऱ्याला देणारा हात दिसतो, हजला निघालेल्याला निरोप द्यायला अर्धा मोहल्ला स्टेशनवर येतो. रोज्याचे तसे नाही. बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले तर कोणालाही कळणार नाही. तरीही दिवसभर पोती वाहणारा हमाल घसा कोरडा पडला असताना ते पाणी पीत नाही. कोणी पाहत नसले तरी पाहणारा एक आहे, हा त्याचा विश्वास असतो. महिनाभर ही सवय अंगी लावून घेतल्यावर तिचा उपयोग कुठे व्हायचा, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. त्याचे एक साधे उत्तर मशिदीबाहेर, रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्यांच्या रांगेत सापडते.

गोरेलाल चौकाच्या बाजारात इफ्तारच्या आधीचा अर्धा तास दरवर्षी सारखाच असतो. खजूर, केळी, कलिंगड, भजी घेण्यासाठी झुंबड उडते. आमगाव, तिरोडा, गोरेगावहून आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातूनही खरेदीला आलेल्यांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असतात. त्यांच्यापुढे दुचाकींची दुसरी रांग, तिच्यापुढे हातगाड्या. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी गुढीपाडवा ईदच्या एक-दोन दिवस आधीच आला होता. म्हणजे दोन सणांची खरेदी एकाच आठवड्यात, त्याच बाजारात. अशा गर्दीत कोणीतरी घाईघाईने मोटार मागे घेतो आणि मागच्या गाडीच्या दाराला बंपर घासतो. कुठे स्टँड नीट न लागलेली स्कूटर शेजारच्या गाडीवर कलंडते. चालक उतरतो, इकडेतिकडे पाहतो, ओरखड्यावरची धूळ बोटाने पुसतो आणि निघून जातो. पाच-सात मिनिटांनी तोच माणूस ‘बिस्मिल्लाह’ म्हणून खजूर तोंडात घालतो.

असे करणारे एकाच धर्माचे असतात असे मुळीच नाही. दिवाळीच्या बाजारात, लग्नसराईत, नवरात्राच्या गर्दीतही हेच घडते. पण ज्याने दिवसभर कोणी पाहत नसताना पाणी प्यायले नाही, त्याला हा प्रश्न जास्त लागू होतो. पाण्याच्या वेळी जो पाहत होता, तो गाडी मागे घेताना पाहत नव्हता काय?

‘एवढ्याशा ओरखड्याने काय होते?’ असे यावर हमखास म्हटले जाते. ज्याच्या गाडीवर तो पडतो, त्याला विचारावे. गोंदियात कर्जाचे हप्ते फेडत पहिली गाडी घेणारी घरे थोडी नाहीत. शिक्षक, धान्याच्या दुकानातला कारकून, भात विकून जुनी मोटार घेणारा शेतकरी यांच्यासाठी दाराचा एक पत्रा ठोकून रंगवणे म्हणजे घरखर्चातली एखादी गोष्ट पुढे ढकलणे. विमा आहे ना, असे म्हणणाऱ्याने विम्याचा हिशेबही पाहावा. लहान मोटारीच्या दाव्यात पहिले हजार रुपये मालकालाच सोसावे लागतात. शिवाय वर्षभर दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षी २० टक्के आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जी सूट मिळते, ती एका दाव्याने जाते. म्हणून शहाणा मालक छोट्या ओरखड्यासाठी विमा कंपनीकडे जातच नाही. धडक देणाऱ्याच्या विम्यातून भरपाई मिळवायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. दोन वितींच्या ओरखड्यासाठी ती कोण चढणार? शेवटी दुसऱ्याच्या घाईची किंमत मालक निमूटपणे आपल्या खिशातून भरतो.

कायद्याने हे मोकळे सोडलेले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ मध्ये जखमी माणसाला मदत करण्याच्या कर्तव्याबरोबरच मालमत्तेच्या नुकसानीचाही उल्लेख आहे. अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि तिथे पोलीस नसेल, तर चालकाने शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात घडला प्रकार कळवला पाहिजे. जर्मनीत तर पार्किंगमधल्या किरकोळ धक्क्यानंतर नुसती चिठ्ठी ठेवून निघून जाणेही गुन्हा ठरू शकते. तिथे थांबून वाट पाहावी लागते आणि मालक आला नाही तर पोलिसांना कळवावे लागते. आपल्याकडे कलम आहे, पण एका ओरखड्यासाठी ते कोणी वापरत नाही आणि पोलिसांकडे तेवढे मनुष्यबळही नाही. जिथे कायद्याचा हात पोचत नाही, तिथे माणसाची नीयत तरी पोचायला हवी.

इस्लामी परंपरेत याचा विचार फार बारकाईने झाला आहे. अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क असे दोन भाग तिथे केले जातात. नमाज चुकली, रोजा सुटला, तर तो अल्लाह आणि बंदा यांच्यातला मामला. तौबा केली तर माफीची आशा आहे. पण दुसऱ्या माणसाचा हक्क मारला, तर तो माणूस माफ करीपर्यंत किंवा त्याची भरपाई होईपर्यंत सुटका नाही. ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातली मुफलिस माणसाची हदीस रमजानमध्ये अनेकदा ऐकवली जाते. पैगंबरांनी सांगितलेला हा दिवाळखोर कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येतो. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असते, कोणाचा माल खाल्लेला असतो, कोणाला मारलेले असते. त्याची पुण्ये एकेक करून त्या लोकांना वाटली जातात आणि तो रिकाम्या हातांनी उरतो. या हिशेबात पळून गेलेल्या गाडीवाल्याचे रोजे कोणाच्या खात्यावर जमा होतील, हे सांगायला मौलवीची गरज नाही.

नुकसान मुद्दाम केले नव्हते, ही सबबही फिकहमध्ये फारशी टिकत नाही. चुकून झालेल्या नुकसानीचे पाप लागत नसले, तरी तिची भरपाई, म्हणजे तावान, द्यावेच लागते. पैगंबरांच्या घरातलाच एक प्रसंग ‘सहीह बुखारी’त आहे. एका पत्नीच्या घरी असताना दुसऱ्या पत्नीने पाठवलेल्या जेवणाचे भांडे रागाच्या भरात फुटले. पैगंबरांनी स्वतः तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न उचलले, भांडे घेऊन आलेल्या सेवकाला थांबवून घेतले आणि जिथे भांडे फुटले त्या घरातले धड भांडे त्याच्या हाती दिले. फुटके भांडे त्याच घरात राहिले. कोणावर आवाज चढवला नाही आणि ‘भांडेच तर होते’ असे म्हणून विषयही मिटवला नाही. एका वाडग्याच्या बाबतीत हा दंडक असेल, तर मोटारीच्या दारासाठी तो बदलत नाही.

तसेच गाडीचा मालक कोणत्या धर्माचा आहे, याने या हक्कात तसूभरही फरक पडत नाही. कराराने सोबत राहणाऱ्या बिगरमुस्लिमावर जो अन्याय करील, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी आपण स्वतः उभे राहू, असा पैगंबरांचा इशारा अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. मालक शोधूनही सापडला नाही, तर तेवढी रक्कम त्याच्या वतीने दान करावी आणि पुढे तो भेटलाच तर त्याचा हक्क कायम आहे असे समजावे, असे फिकहचे जाणकार सांगतात. म्हणजे ‘मालक तिथे नव्हता’ हेही कारण पुरत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती टाळून हा विषय पुरा होत नाही. वायपरखाली चिठ्ठी ठेवायची तर तिच्यावर नाव लिहायचे. आजच्या काळात नाव वाचताक्षणी ओरखडा बाजूला पडतो आणि नावच वाचले जाते. अमुक वस्तीत अमुक नावाच्या माणसाने गाडी ठोकली, एवढ्यावर माणसे जमतात, मोबाइलवर चित्रफिती फिरतात, हजार-दोन हजारांचा मामला ठाण्यापर्यंत जातो. हिंदू वस्तीत मुसलमानाला आणि मुसलमान मोहल्ल्यात हिंदूला ही भीती सारखीच वाटते. तिला खोटी म्हणता येणार नाही. जमावाच्या रागामुळे चालकाला जखमीसाठी थांबता येणार नाही, ही शक्यता खुद्द कलम १३४ ने गृहीत धरली आहे. अशा वेळी जीव सांभाळून आधी दूर जाणे रास्तच.

पण दूर जाणे वेगळे आणि नाहीसे होणे वेगळे. चिठ्ठीवर नाव हवेच असे नाही. फोन नंबर आणि ‘तुमच्या गाडीला माझा धक्का लागला, खर्च देतो’ एवढी ओळ पुरे. तीही नको वाटली तर समोरच्या दुकानदाराकडे, मंदिराच्या पुजाऱ्याकडे किंवा मशिदीच्या इमामांकडे निरोप ठेवता येतो. गोंदिया एवढे मोठे शहर नाही, की दोन ओळखीच्या माणसांमधून तिसरा सापडू नये. भीती खरी असेल, तर ती अशा चिठ्ठ्यांनीच कमी होईल. ज्याला त्या नावाच्या एका माणसाने न मागता नुकसान भरून दिले, त्याला त्या नावांविषयीच्या ऐकीव गोष्टी पटवणे सोपे राहत नाही.

गाडीच्या मालकाकडेही यात काही जबाबदारी येते. कोणी दारापुढे गाडी लावली म्हणून तिची हवा सोडणे, किल्लीने रंग खरवडणे, आरसा मोडणे हे प्रकार सर्रास होतात आणि वर ‘धडा शिकवला’ असे सांगितले जाते. कोणाचे नुकसान करू नये आणि नुकसानीला नुकसानीने उत्तरही देऊ नये, हा इस्लामी कायद्याचा एक पायाभूत नियम मानला जातो. कोणत्याही सुजाण शेजाऱ्याला तो पटण्यासारखा आहे. समोरून फोन आला, तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा खरा खर्च सांगावा, संपूर्ण गाडीचा रंग त्यात बसवू नये. परवडत असेल तर माफही करावे. रमजानच्या महिन्यात तो मोठा सदका आहे.

ओरखडा पडतो तो मुळात गाडी जिथे लावायला नको तिथे लावल्यामुळे. तरावीहच्या वेळी मशिदीच्या गल्लीत हे दरवर्षी दिसते. जमात उभी राहते आणि तास-सव्वा तास शेजारच्या घराचे फाटक बंद राहते. त्या घरात एखादी गरोदर सून असेल, एखादे वृद्ध असतील. बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाकडे निघालेली रिक्षा त्याच गल्लीतून काढावी लागेल. दुसऱ्याच्या जागेचे प्रवेशद्वार अडवून गाडी लावण्यास वाहतुकीच्या नियमांत मनाई आहेच. त्याआधी चौदाशे वर्षांपूर्वी, रस्त्यात बसणाऱ्यांना पैगंबरांनी रस्त्याचे हक्क सांगितले होते. कोणाला त्रास न देणे हा त्यांतला एक. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग मानला गेला. मग ती वस्तू स्वतःचीच मोटार असेल तर?

‘त्यांच्या मिरवणुकीत रस्ता बंद होतो, मग आमच्या नमाजेला का बोलता?’ हा युक्तिवाद दोन्ही बाजूंना तोंडपाठ आहे. ज्याचे फाटक अडले आहे, त्याच्या पदरात त्याने काहीच पडत नाही. मंडप, वरात आणि जमात या तिन्हींना एकच कसोटी लावावी: रुग्णवाहिका जाऊ शकते का, आणि शेजाऱ्याला घराबाहेर पडता येते का?

जागा नाही, हेही खोटे नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला आणि गोंदिया मुख्यालय बनले. कचेऱ्या आल्या, वैद्यकीय महाविद्यालय आले, वाहने आली, बाजाराच्या गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला मागितला जातो. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तशा अटीचा विचार बोलून दाखवला. नगर परिषदेने वाहनतळ करावेत, दुकानदारांनी रस्त्यावर मांडलेला माल आत घ्यावा, ही मागणी रास्तच आहे. पण वाहनतळ नाही म्हणून शेजाऱ्याचे फाटक वाहनतळ होत नाही.

बरेचसे काम बिनखर्चाचे आहे. तरावीहला पायी जाता येते. जमातीतल्या चार तरुणांनी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून गाड्या एका रांगेत लावून घ्याव्यात. नमाजेआधी मशिदीच्या माइकवरून ‘एमएच ३५, अमुक क्रमांकाची गाडी हटवावी’ अशी सूचना होते, ती जमात उभी राहण्याच्या पुरेशी आधी व्हावी आणि मालकाने ती ऐकून खरोखर उठावे. शेजारच्या घराला एक फोन नंबर देऊन ठेवावा.

ईदच्या नमाजेआधी फित्रा द्यायचा असतो. घरातल्या माणसांची मोजदाद करून हिशेब केला जातो, कोणी राहून जाऊ नये म्हणून तान्ह्या बाळाचाही दिला जातो. याच दिवसांत आणखी एक हिशेब करता येईल. वर्षभरात कोणाच्या गाडीला धक्का लावून निघून आलो, ते आठवावे. ती गाडी बहुधा आजही त्याच गल्लीत उभी असते आणि ओरखडाही तिथेच असतो.